बगळ्यांचे दात

बर्फावर पडलेला दात शोधणं फार अवघड असतं. दोन्ही पांढरे. वरून दिव्यांचा झगझगाट, आणि सभोवती पायांत धारदार पाती बांधलेली धिप्पाड माणसं 'सापडला का, सापडला का' करत उभी. नवऱ्याचा जुना ओव्हरकोट चढवून, गुडघे टेकून मी हे काम केलेलं आहे, म्हणून अधिकाराने सांगते.

मी दातांची डॉक्टर. नागपूरला शिकले, लग्न होऊन अमेरिकेत आले, इथल्या कॉलेजात जाऊन तेच बत्तीस दात पुन्हा एकदा शिकले, आणि आता शिकागोजवळ नेपरव्हिलला निवृत्त होऊन दारातला बर्फ उपसते. आयुष्यात मी किती दाढा काढल्या यात कुणालाच रस नसतो, मलाही नाही. पण मंडळाच्या कार्यक्रमात, ऐंशीच्या दशकात मी एका व्यावसायिक आइस हॉकी टीमची डेंटिस्ट होते असं म्हटलं, की समोरच्याचा बटाटेवडा तोंडापाशीच थांबतो. या अंकाच्या संपादकीणबाईंचंही तसंच झालं. वडा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सुनंदाताई, हे लिहाच." म्हणून त्यातल्या एका सीझनची गोष्ट लिहिते आहे.

तेव्हा आम्ही शिकागोपासून तीन तासांवर, नदीकाठच्या एका कारखान्यांच्या गावात राहायचो. माझा नवरा विनायक ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मी औषधांच्या दुकानाशेजारी दोन खोल्या घेतल्या, दारावर 'डॉ. सुनंदा चिंचोळकर' अशी पाटी लावली आणि पेशंटची वाट बघत बसले. चिंचोळकर म्हणण्यापेक्षा दाढदुखी परवडली, असं गावाला वाटत असावं. फोन यायचे, पण पलीकडच्या बाईंनी माझा आवाज ऐकला की 'घरी विचारून कळवते' म्हणून ठेवले जायचे. कुणी वाईट वागलं असं नाही. फक्त येत नव्हते.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी गस आला. बुटका, टक्कल पडलेला, खिशात चिकटपट्टीची रिळं कोंबलेला माणूस. गावातल्या हॉकी टीमचा तो ट्रेनर. ट्रेनर म्हणजे व्यायाम घेणारा नव्हे. खेळाडूंच्या जखमा बांधणारा, मुरगळलेले घोटे आवळणारा. तो खुर्चीत बसला, पण तोंड उघडलं ते बोलण्यासाठी.

"आमचे डेंटिस्ट फ्लोरिडाला राहायला गेले. नवीन पाहिजे. गावातल्या बाकीच्या सगळ्यांना विचारून झालं. तुम्ही शेवटच्या."

इतका खरं बोलणारा माणूस मला त्या गावात पहिल्यांदाच भेटत होता.

"काम काय असतं?" मी विचारलं.

"घरच्या मैदानावरच्या प्रत्येक गेमला हजर राहायचं. कुणाचे दात पडले तर बघायचं. बदल्यात दोन तिकिटं फुकट."

"'तर' बघायचं?"

"बरं, पडले 'की' बघायचं," गस म्हणाला. "रक्त चालतं ना तुम्हाला?"

मी सरकारी दवाखान्यात उन्हाळाभर दाढा काढलेल्या आहेत हे त्याला सांगितलं. त्याने लगेच हात पुढे केला.

टीमचं नाव होतं हेरन्स, म्हणजे बगळे. देशातल्या मोठ्या लीगच्या खाली धाकट्या लीग असतात, त्यातल्या एका लीगमधली ही टीम. खेळाडू पगारी, पण पगार बेताचा. काही वर जाण्याची स्वप्नं बघणारे, काही वरून खाली आलेले. जर्सीवर बगळ्याचं चित्र होतं आणि चित्रकाराने त्याला चांगले दात विचकायला लावलं होतं. विनायक म्हणाला, "बगळ्याला दात नसतात." पहिल्या आठवड्यात सगळ्यांची तोंडं तपासून आले आणि त्याला म्हटलं, "या बगळ्यांनाही फारसे नाहीत."

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या हॉकीसारखाच, पण बर्फावर, स्केट घालून. दोन्हीकडे गोलकीपर धरून सहा-सहा जण. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. ती गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही. असा गोठलेला रबराचा ठोकळा मोटारीच्या वेगाने येतो आणि त्या काळी खेळाडूंच्या तोंडापुढे काहीही नसायचं. गोलकीपरला तेवढा मुखवटा. बाकीच्यांना मी दातांवर बसवायचं रबरी कवच घाला म्हणून कितीदा विनवलं. 'त्याने ओरडता येत नाही' म्हणायचे. ती चुटपुट मला अजून आहे. आता लहान पोरंसुद्धा कवच घालून खेळतात. तेव्हा माझं कुणी ऐकलं असतं तर कितीतरी हसणी वाचली असती.

ओव्हरकोटाचा प्रसंग नोव्हेंबरातला. आमचा कॅप्टन डेल, मिनेसोटाचा, बैलासारख्या मानेचा आणि गाईसारख्या स्वभावाचा. समोरच्याची काठी त्याच्या तोंडावर बसली. तो बाकापर्यंत आला आणि मला म्हणाला, "डॉक, तो माझा पुढचा शेवटचा खरा दात होता."

मी तोंडात पाहिलं. हिरडीत खळगा स्वच्छ होता. म्हणजे दात मोडला नव्हता, मुळासकट निघाला होता. असा दात अर्ध्या तासात परत बसवला तर पुष्कळदा जगतो. पण तो सुकता कामा नये, आणि मुळाला हात लागता कामा नये.

"दात कुठे आहे?" मी विचारलं.

डेलने बर्फाकडे बोट केलं.

मी गसला म्हटलं, "खेळ थांबव."

"अहो, खेळ थांबवायचा अधिकार—"

"मग अधिकार असलेल्याला सांग. आणि खाण्याच्या स्टॉलवरून दूध आण. थंड. चॉकलेटचं नको."

रेफ्रीने शिट्टी मारली. माइकवरून घोषणा झाली की टीमच्या डॉक्टर कॅप्टनचा दात शोधत आहेत, कृपया धीर धरा. हजारो माणसं हसली. मी ओव्हरकोट आवळून, गसच्या दंडाला धरून घसरत घसरत गेले आणि दोन्ही टीमच्या पायांमधून रांगायला लागले. दात शेवटी त्या समोरच्या टीमच्याच एका खेळाडूला सापडला. तो तर बुटानेच लोटत आणत होता. मी इतक्या मोठ्याने ओरडले, "हात लावू नकोस!" की तो खांबासारखा उभा राहिला. मी दात वरच्या बाजूने उचलला, दुधाच्या कपात टाकला आणि कप उंच धरून दाखवला.

त्या गर्दीने केलेला आवाज मी अजून विसरलेले नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी दात जागेवर बसवला, दोन्हीकडच्या सुळ्यांना बारीक तारेने बांधला आणि डेलला सांगितलं, घरी जा. तो शेवटच्या सत्रात पुन्हा बर्फावर होता. मी गसला विचारलं, "याला कान आहेत की तेही पडले?" पण दात टिकला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन आला. "दूधवाल्या डॉक्टर तुम्हीच का?" त्या बाईंचं नाव आठवत नाही, दाढ आठवते, खालची डावी. त्यांच्यामागून त्यांची बहीण आली, बहिणीचा दीर आला. चिंचोळकर म्हणायची गरजच उरली नाही. सगळं गाव 'डॉक' म्हणायला लागलं.

टीमचं मात्र काही खरं नव्हतं. डिसेंबरपर्यंत आम्ही लीगच्या तळाशी होतो. आणि गावाचंही तसंच. ट्रॅक्टरचा खप बसला होता. कारखान्यात दर शुक्रवारी कुणाच्या तरी हातात नारळ. विनायक घरी आला की मी त्याच्या चेहऱ्याकडे आधी बघायची, डब्याकडे नंतर. टीमच्या मालकाने वर्तमानपत्राला सांगून टाकलं की खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर सीझन संपल्यावर टीम दुसऱ्या गावाला विकीन. तेवढीच एक करमणूक होती, तीही जाणार.

नाताळच्या सुमाराला लूक आला. क्युबेकचा, फ्रेंच बोलणारा, काटकुळा गोलकीपर. मोठ्या लीगमधल्या टीमने त्याला आमच्याकडे शिकायला पाठवलं होतं. हा माणूस गोलपुढे मांजरासारखा बसायचा आणि पक हवेतून असा काढायचा की जणू फळीवरचा डबा. आम्ही जिंकायला लागलो. आधी चुकून, मग सवयीने. ज्यांची नोकरी गेली होती ती माणसंही पोराबाळांना घेऊन येऊन बसायची. आमची नेहा तेव्हा नऊ वर्षांची, ती काचेवर मुठी आपटून "रेफ, आर यू ब्लाइंड?" असं ओरडायची. एकदा नेपरव्हिलहून आमचे स्नेही मराठे काका-काकू आले होते. काकू सगळा वेळ डोळे झाकून बसल्या आणि शेवटी मला म्हणाल्या, "अगं, तू एवढी शिकलेली, आणि या मारामारीच्या खेळात काय करतेस?" मी उत्तर देणार, तेवढ्यात आमचा गोल झाला आणि काका खुर्चीवर चढून नाचायला लागले. काकूंनी पुन्हा डोळे झाकले.

तर लूक. ताशी शंभर मैलांचा पक छातीवर घेणारा हा वीर सुईला भ्यायचा. त्याची खालची उजवी अक्कलदाढ अर्धी वर आणि अर्धी हिरडीत अडकलेली. अशा दाढेच्या कडेला अन्न साठतं, पू होतो, आणि एक दिवस ती दगा देते. मी फेब्रुवारीत त्याला बोलावलं. तो आला, खुर्चीत बसला. मी इंजेक्शन भरलं आणि वळून बघते तर खुर्ची रिकामी. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज.

पुढच्या गेमला मी त्याला गाठलं. "शंभर मैलांचा पक चालतो आणि सुई नाही?"

"पक समोरून येतो, डॉक," तो म्हणाला. "दिसतो तरी."

सीझन संपल्यावर नक्की काढू, असं त्याने आईची शपथ घेऊन सांगितलं.

सीझन संपल्यावर वरच्या टीम्सची बाद फेरी असते. एकेका जोडीचे जास्तीत जास्त सात सामने. चार आधी जिंकेल तो पुढे. आम्ही कसेबसे आत शिरलो आणि मग थांबलोच नाही. अंतिम फेरीत अडीच तासांवरच्या गावाची टीम होती. पाच सामन्यांनंतर आम्ही तीन, ते दोन. सहावा सामना गुरुवारी, आमच्याच मैदानावर. जिंकलो की कप आमचा. कारखान्यात पाळ्या बदलून घ्यायला भांडणं झाली. न्हाव्याच्या दुकानापासून चर्चपर्यंत सगळीकडे बगळे लटकले होते.

गुरुवारी सकाळी गसचा फोन आला. "डॉक, लूकचा गाल सुजलाय. जरा येऊन एखादी गोळी द्या."

मी गेले. गाल सुजलेला असता तर मला एवढं वाटलं नसतं. सूज जबड्याच्या खाली, गळ्याकडे उतरली होती आणि दगडासारखी घट्ट लागत होती. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. लूकने लाळ टिपायला टॉवेल धरला होता.

"गिळून दाखव," मी म्हटलं.

त्याने प्रयत्न केला आणि डोळ्यांत पाणी आलं.

दातांच्या डॉक्टरने आयुष्यात ज्या थोड्या गोष्टींना खरंच घाबरायचं असतं, त्यातली ही एक. पू जिभेखाली पसरला की जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद होते. काही तासांत. मी कोचच्या खोलीत गेले. ब्रॅनिगन नावाचा उंच, लाल चेहऱ्याचा माणूस. वाईट नव्हता, पण एका कपासाठी तो वीस वर्षं थांबला होता.

"लूक आज खेळणार नाही," मी सांगितलं. "त्याला आत्ता हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं."

"फक्त आजचा दिवस द्या, डॉक. आज जिंकलो की उद्या सगळे दात काढा त्याचे. माझेही काढा."

"उद्यापर्यंत त्याचा श्वास चालू राहील याची मला खात्री नाही."

तो उभा राहिला. "एका दाढेने कुणी मरतं?"

"मरतं," मी म्हटलं. "मी पाहिलंय."

पाहिलं होतं. नागपूरला, विद्यार्थिनी असताना. खेड्यातून बैलगाडीने आलेला एक सुतार. त्याच्याबद्दल मी त्या दिवसापर्यंत कुणाशी बोलले नव्हते, आणि कोचलाही जास्त सांगितलं नाही. मला पुरतं कळत होतं मी काय करते आहे ते. ज्या टीममुळे गावाने मला घरात घेतलं, तिचाच गोलकीपर मी अंतिम फेरीतून उचलून नेत होते.

लूक दारात येऊन उभा होता. "मी खेळणार," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. पण ते वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. मध्येच थांबून टॉवेल तोंडाला लावावा लागला.

त्याच्या मागे डेल होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आत आला. लूकचा कोट खुंटीवरून काढून त्याच्या खांद्यावर घातला आणि म्हणाला, "चल. गाडी मी चालवतो."

वाटेत मागच्या सीटवर लूकने माझा हात धरला तो सोडलाच नाही. हॉस्पिटलमध्ये सर्जन तयार होते. गळ्याखाली छेद देऊन पू काढला, दाढ काढली, शिरेतून पेनिसिलिन सुरू केलं. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "चांगलं केलंत. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मला वेगळंच काही सांगावं लागलं असतं."

हे त्यांनी मला सांगितलं. गावाला कोण सांगणार?

त्या संध्याकाळी लूकच्या जागी अर्ल उभा राहिला. अर्ल हा राखीव गोलकीपर, चाळिशीला टेकलेला, गावचाच. दिवसा बेकरीच्या गाडीवरून दुकानांना पाव पोहोचवण्याची नोकरी, घरी तीन मुली. त्या सीझनमध्ये तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळला असेल. त्याने पाच गोल खाल्ले. शेवटी शेवटी लोक उठून कोट चढवायला लागले, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. आम्ही हरलो. सामने तीन-तीन झाले. सातवा रविवारी, त्यांच्या गावी.

शुक्रवारी तीन पेशंटनी अपॉइंटमेंट कॅन्सल केली. पोस्टात रांगेत माझ्या मागे कुणीतरी, मला ऐकू जाईल इतपत हळू, म्हणालं, "दाढ म्हणे." विनायक कारखान्यातून घरी आला, मोजे काढत बसला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तुझ्या बायकोने कप घालवला."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, कप रविवारी आहे अजून." मग तो हसला. "सुनंदा, तू बरोबर केलंस. चहा टाक."

लूक भराभर सुधारला. मी रोज दोनदा जात होते. हॉस्पिटलचं पातळ सूप बघून त्याचं तोंड उतरायचं, म्हणून मी मऊ मुगाची खिचडी पातळ करून नेली, वर तूप. त्याने चमचा थांबवून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "आमच्याकडे आजारी माणसाला देतात." तो म्हणाला, "मग मला अजून थोडा आजारी राहू द्या."

रविवारी सकाळी त्याला घरी सोडलं, आणि तो कोट घालून सरळ बसपाशी जाऊन उभा राहिला. खेळायचं नाही हे त्याने मान्य केलं होतं, पण टीमबरोबर जाणारच म्हणाला. सर्जन म्हणाले, लक्ष ठेवायला कुणी बरोबर असेल तर जाऊ दे. म्हणून त्या बसमध्ये मीही चढले. सगळी बस घामट पुरुषांची, आणि पुढच्या सीटवर मी, मांडीवर खिचडीचा थर्मास. ब्रॅनिगन माझ्याकडे न बघता शेजारून गेला, मग परत आला. "डॉक, खिडकीशी वारा येतो. इकडे बसा." त्या माणसाची माफी मागायची तीच पद्धत असावी.

दुपारचा सामना. मी लूकला घेऊन काचेमागे बसले, आमच्या गोलच्या जवळ. अर्ल पहिल्या सत्रात इतका घाबरलेला होता की मुखवट्याआडूनही कळत होतं. मध्यंतरात लूक त्याच्याशेजारी जाऊन बसला. त्याला धड बोलता येत नव्हतं; हातांनीच सांगत होता. त्यांचा तो अकरा नंबरचा खेळाडू आधी डावा खांदा पाडतो, मग उजवीकडे मारतो. उठायची घाई करू नकोस. बसून राहा. अर्ल शाळकरी पोरासारखी मान हलवत होता. चाळिशीचा माणूस, बाविशीच्या पोराकडून शिकत होता, आणि त्यात कुणालाच काही कमीपणा वाटत नव्हता. मला ते फार आवडलं.

खेळ बरोबरीत सुटला. मग जादा वेळ. जो पहिला गोल करेल तो जिंकला. एवढं मोठं मैदान, पण मला स्केटची पाती बर्फ कापताना ऐकू येत होती. त्यांचा अकरा नंबर एकटाच सुटला. समोर फक्त अर्ल. लूकने माझं मनगट आवळलं. खांदा पडला, काठी फिरली, अर्ल आडवा झाला, आणि पक कुठे गेला ते मला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की तो पक घेऊन डेल दुसऱ्या टोकाकडे धावतो आहे, आणि त्यांचे सगळे जण अजून इकडेच आहेत. डेलने मारला.

गोल झाल्याचा लाल दिवा लागला. तोंडात टाके असलेला पेशंट माझ्या शेजारी फ्रेंचमध्ये किंचाळला. मीही किंचाळले, कुठल्या भाषेत ते माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये सगळे गात होते. अर्ल माझ्यामागच्या सीटवर एकटा बसला होता, बर्फाची पिशवी बोटांवर धरून. मी वळून म्हटलं, "तो शेवटचा केवढा अडवलास! लूकने सांगितलं तसाच ना?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. "डॉक, मी उलट्या बाजूला पडलो. त्याने माझ्या काठीच्या टोकावर मारला. लूकला सांगू नका."

मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. लूक मराठी वाचत नाही.

गाव जवळ आलं तेव्हा सूर्य कलला होता. नदीवरच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या, दिवे लावून, आणि माणसं टपांवर चढलेली. नोकरी गेलेली, नोकरी जाणारी, सगळी. बस मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती. विनायक आणि नेहा तिथेच कुठेतरी होते. मला दिसले नाहीत, पण नेहाचा आवाज ऐकू आला.

मालकाने टीम विकली नाही, निदान तेव्हा तरी. आणखी काही वर्षं बगळे गावात राहिले, मग गेलेच. कारखानाही पुढे बंद झाला आणि आम्ही इकडे आलो. लूक मोठ्या लीगमध्ये थोडं खेळला आणि क्युबेकला परतला. नाताळला त्याचा फोन येतो. डेल म्हणतो, त्याचा तो दात अजून तोंडात आहे.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती कप जिंकल्यानंतरची सोमवारची सकाळ. घरात दूध संपलं होतं, म्हणून मी दवाखान्यात जाण्याआधी किराणा दुकानात गेले. पावाच्या फळीपाशी बेकरीच्या गणवेशात एक माणूस पाठमोरा बसून ट्रेमधले पाव लावत होता. दोन बोटं पट्टीने एकत्र बांधलेली, त्यामुळे प्रत्येक पाव त्याला दोन हातांनी उचलावा लागत होता. तो अर्ल होता. पहाटेपासून गाडीवर होता. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक म्हाताऱ्या बाई आपली ढकलगाडी थांबवून उभ्या राहिल्या. त्यांनी हातमोजे काढले, नीट पर्समध्ये ठेवले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शेजारचा थांबला. मग काउंटरवरची मुलगी. मग मांस कापणारा आतून एप्रनला हात पुसत आला. बघता बघता सगळं दुकान जागच्या जागी उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

अर्ल उठला. कानापर्यंत लाल. कुणाकडे बघावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"डॉक," तो म्हणाला, "आजचा पाव ताजा आहे."

मी दोन घेतले. रांगेतल्या प्रत्येकानेच घेतला. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा फळी पुन्हा भरून अर्लची गाडी पुढच्या दुकानाकडे चालली होती, आणि माझ्या दाराशी, शुक्रवारी कॅन्सल केलेले तिघंही उभे होते.